आधी ऊब, मग दूध

आमच्या आजोळी पितळेचं एक बोंडलं होतं. गोल पोट, बाजूला निमुळती चोच. घरातल्या तीन पिढ्यांनी तान्हेपणी त्या चोचीतून दूध आणि काढे घेतलेले. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. मे महिना होता. गोठ्यावरच्या माळ्यात मांजर व्यालेली, आणि एका दुपारी तिचं एक पिल्लू खाली शेणात पडलेलं सापडलं. घसरून पडलं की आईनंच टाकलं, कोण सांगणार! डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला नाळेचा वाळका दोरा. परकराच्या ओच्यात घालून आम्ही मुलांनी ते आजीकडे नेलं. गावातली निम्मी बाळंतपणं आजीच्या हातची. तिला तान्ह्याचं काय अप्रूप? तिनं म्हशीचं दूध कोमट केलं, पिल्लाला मांडीवर उताणं घेतलं, डोक्याखाली हात दिला आणि बोंडल्याची चोच त्याच्या तोंडाला लावली. पिल्लानं दोन घोट घेतले असतील. मग त्याच्या नाकातून दुधाचा एक बुडबुडा आला आणि फुटला. "निजलं बघ पोटभर पिऊन," आजी म्हणाली. दिवेलागणीपर्यंत ते ताठ झालं होतं. आम्ही फणसाखाली खड्डा केला, वर अबोलीची फुलं ठेवली. "त्याचं आयुष्यच तेवढं," असं मोठी माणसं म्हणाली आणि विषय संपला.

तो बुडबुडा मला पुन्हा आठवला तो चाळीस-बेचाळीस वर्षांनी, मांजराची टाकलेली पिल्लं वाढवण्यावरच्या या पुस्तिकेच्या लेखिकेच्या दवाखान्यात. २०१४ चा जुलै होता. पुण्यातला तो तिरका, थांबता न थांबणारा पाऊस. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना मीटरच्या खोलीत एक पिल्लू सापडलं आणि त्यांनी ते बिस्किटाच्या खोक्यात घालून माझ्या दारात आणून ठेवलं. मी खोकं काखेत मारलं, पर्समध्ये गाईच्या दुधाची बाटली टाकली आणि रिक्षा पकडली. डॉक्टरीणबाई तेव्हा नुकत्याच शिकून आलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. करंगळीचं टोक पिल्लाच्या तोंडात घातलं आणि म्हणाल्या, "काकू, तोंड गार आहे. आत्ता दूध पाजलंत तर जाईल."

पिल्लाला टॉवेलात गुंडाळून, गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवून आम्ही तासभर बसलो. त्या तासात मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "उचललं तेव्हा हाताला कसं लागलं होतं?" गार लागलं होतं. मला ते इतक्या वर्षांनीही ओच्यातून मांडीला जाणवत होतं. म्हणजे त्या दुपारी तीन गोष्टी चुकल्या होत्या: गार पडलेल्या पिल्लाला पाजलं, उताणं धरून पाजलं, आणि म्हशीचं पाजलं. त्यातली पहिली किंवा दुसरी एकटीही पुरेशी होती. आजीची माया कमी पडली नव्हती. ती ज्या बाळांवर शिकली ती माणसांची होती, एवढंच.

या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायला माझ्यासारखी निवृत्त भाषाशिक्षिका का, याचं उत्तर वरच्या परिच्छेदांत आलं. "शहाण्या माणसाची प्रस्तावना नको, चुका केलेल्या माणसाची हवी," असं लेखिकेचं म्हणणं पडलं. त्या निकषावर माझी निवड बिनविरोध झाली.

मराठी घरात मांजर नवी नाही. चुलीपाशी, धान्याच्या कणगीशी, पाटीखाली झाकलेल्या मासळीच्या आसपास ती कायमच होती. आपल्या म्हणींत तर तिनं चांगलंच बस्तान बसवलंय. शिंक्याचं तुटतं ते बोक्यासाठी, डोळे मिटून दूध पिते ती हीच, आणि तिच्या गळ्यात घंटा बांधायला अजून कोणी मिळालेलं नाही. पण या सगळ्या म्हणी मोठ्या मांजराच्या आहेत. पिल्लं वाढवण्याचं काम आपण कधी केलंच नाही. ते तिचं होतं. ती कुठल्याशा फडताळात व्यायची, महिन्याभरानं पिल्लं अंगणात आणायची, त्यातलं एखादं आपण ठेवून घ्यायचो, बाकीची शेजारीपाजारी जायची किंवा दिसेनाशी व्हायची. म्हणून टाकलेलं पिल्लू हातात आलं की आपल्यापाशी त्याच्यासाठी ज्ञान नसतं, नुसता उमाळा असतो. आणि उमाळा नेहमी बशीभर दुधाचंच रूप घेतो.

पिल्लाकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं, असं मात्र नाही. रामानुज परंपरेत देवाला शरण जाण्याच्या दोन तऱ्हा सांगतात. माकडाचं पोर आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं, तो मर्कटन्याय. मांजराचं पोर काहीच करत नाही, आईच मानेला धरून नेते, तो मार्जारन्याय. पुढे या वादातून दक्षिणेत वैष्णवांचे दोन पंथ झाले. मला त्यातलं तत्त्वज्ञान फारसं कळत नाही, पण निरीक्षण चोख आहे. मानेची कातडी धरली की पिल्लू पाय पोटाशी घेऊन लोंबकळतं आणि गप्प होतं. पहिल्या आठवड्यात त्याला दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, थंडीनं कुडकुडताही येत नाही. शी-शूदेखील आईनं चाटल्याशिवाय होत नाही. म्हणजे मार्जारन्यायात देवाच्या जागी जी आहे, तिची जागा तुम्ही घेताय. निदान महिनाभराची सुट्टी टाकून मगच घ्या.

आणि घेण्याआधी थांबा. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण याच एका शब्दाचं आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडून द्या, बाकी खरं आहे. गडबड झाली, पाणी शिरलं, बोका घिरट्या घालू लागला, कोणी सारखं डोकावू लागलं की ती जागा बदलते, आणि तोंड एकच असल्यामुळे एका खेपेला एकच पिल्लू नेते. चार पिल्लांतलं तिसरं उचलून ती निघाली आणि नेमके तुम्ही चौथ्यापाशी पोचलात, तर तुम्हाला ते 'अनाथ' दिसणारच. आपण ज्यांना वाचवतो म्हणून घरी आणतो त्यांतली कितीतरी पिल्लं या चौथ्या खेपेची असतात. लेखिकेनं त्याला 'सदिच्छेनं केलेली पळवापळवी' असा शब्द वापरलाय. तो मला आधी टोचला. नंतर पटला.

पिल्लं उबदार असतील, पोटं गोल असतील, एकमेकांवर पसरून झोपली असतील, तर आई आहे, तुम्ही निघा. शंका असेल तर खोक्याभोवती तांदळाचं पीठ भुरभुरवून ठेवा. दोन-तीन तासांनी पिठात पावलं उमटलेली दिसली की उत्तर मिळालं. मात्र पिल्लू भिजलेलं, गार, एकसारखं केकाटणारं किंवा त्याहून वाईट म्हणजे केकाटणं थांबवून निपचित पडलेलं असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते, ही समजूत मात्र सोडून द्या. माणसाच्या वासानं ती सहसा पिल्लू टाकत नाही. वर्दळीनं जागा बदलते, आणि आपण त्या दोहोंची गल्लत करतो.

ती टाकते, तेही खरं आहे. पहिलटकरीण असते, पिल्लं जास्त आणि पान्हा कमी असतो, सडाला सूज आलेली असते, किंवा पिल्लातच काही दोष असतो आणि तो आपल्याआधी तिला कळतो. गार पडलेलं पिल्लूही ती बाजूला सारते. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत, असं म्हणून आपण तिला आईपणाचं प्रमाणपत्र देऊन ठेवलंय. त्यामुळे तिनं पिल्लू ढकललं की आपल्याला राग येतो. राग बाजूला ठेवून ते पिल्लू ऊब देऊन परत तिच्या कुशीत ठेवून बघावं. पुष्कळदा ती घेते. नाही घेतलं, तर दुसरी एखादी दूध येणारी मांजर मिळते का ते शोधावं. परकं पिल्लू अंगावर घेणाऱ्या मांजरी विरळा नाहीत. बाटली ही तिसरी निवड आहे, आणि दूध पावडरच्या डब्यावर कितीही मोठा दावा असो, ती तिसरीच राहणार. पहिल्याच दिवसाचा जो चीक, ज्याचा गाईच्या बाबतीत आपण खरवस करून खातो, त्यातली रोगाशी लढणारी द्रव्यं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जायची मुभा जन्मानंतरचे जेमतेम सोळा-अठरा तास असते. तो चीक कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आता ऊब. मोठ्या मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. नवजात पिल्लाचं पहिल्या आठवड्यात ३५ ते ३६.५ च्या आसपास. ही उष्णता त्याला स्वतःला टिकवता येत नाही. आईचं पोट आणि भावंडांचा ढीग हीच त्याची शेगडी. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतालची हवा ३० ते ३२ अंश ठेवावी लागते. पुण्यातल्या पावसाळ्यात पंख्याखालची फरशी त्याच्यासाठी बर्फाची लादी आहे. अंग ३५ च्या खाली गेलं की आतडी काम थांबवतात. पोटात गेलेलं दूध तिथंच नासतं, गिळण्याची क्रिया मंदावलेली असल्यानं श्वासनलिकेत उतरतं, आणि आपल्याला वाटतं भूक भागून झोपलं. माझी आजी ते वाक्य म्हणाली तेव्हा हेच चालू होतं.

ऊब द्यायची साधनं प्रत्येक घरात असतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळावी, किंवा तांदूळ तव्यावर परतून, पायमोज्यात भरून गाठ मारावी. पिल्लाला लावण्याआधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावं. खोक्याच्या अर्ध्याच भागात ऊब ठेवायची, म्हणजे उकडलं तर त्याला सरपटत पलीकडे जाता येतं. घाई करू नये. गरम पाण्यात बुडवणं, हीटरसमोर धरणं, बल्ब जवळ आणणं, यांतल्या प्रत्येक प्रकारानं भाजलेली पिल्लं लेखिकेच्या टेबलावर आली आहेत. उघड्या अंगाशी, साडीच्या किंवा शर्टाच्या आत धरून बसणं हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कंटाळवाणा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. करंगळीला तोंड कोमट लागलं आणि पिल्लू ती चोखू लागलं, की मग दुधाचा विचार.

दुधाबद्दल आपल्याकडे प्रत्येकाचं मत असतं, आणि ते बहुधा गाय, म्हैस, शेळी या तिघींभोवतीच फिरतं. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात, स्निग्धांशही अधिक, आणि त्या मानानं दुधातली साखर कमी. गाईचं दूध पाजलं की साखर जादा होते आणि बाकीचं कमी पडतं. पाणी घालून पातळ केलं तर साखरेबरोबर उरलंसुरलं बळही पातळ होतं. पिल्लू हगवणीनं एका रात्रीत सुकतं. म्हशीच्या दुधात साय भरपूर, म्हणून ते चालेल असं वाटतं. पण साखर तिथंही तशीच असते आणि प्रथिनं पुरत नाहीत. शेळीचं दूध पचायला हलकं, हे माणसांचं अनुभवसिद्ध मत असेल. मांजराच्या पिल्लाचा त्यावर पिंड पोसत नाही. शिवाय टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळवावं लागतं, पुरेसं शरीरात तयार होत नाही. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा निकामी होतो हे १९७५ साली, आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात हे १९८७ साली दाखवलं गेलं. तोवर जगभर लोक मांजरांना आपल्याच समजुतीनं जेवू घालत होते. तेव्हा आपणच तेवढे अडाणी, असं काही नाही.

मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर शहरांत प्राण्यांच्या दुकानांत मिळते, तालुक्याच्या गावी मागवावी लागते. 'आज रात्रीपुरतं काय?' या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत आहे. मी ते इथं मुद्दाम लिहीत नाही. प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारी माणसं मला ठाऊक आहेत. रात्रीपुरता उपाय ती महिनाभर करतील.

पाजण्याची रीत मात्र इथंही सांगते, कारण बोंडल्याचं ऋण माझ्यावर आहे. पिल्लू पोटावर, चारी पाय खाली, आईजवळ लुचताना असतं तसंच. खाली खरखरीत टॉवेल, म्हणजे त्याला पुढचे पंजे रोवायला मिळतात. दूध ओढताना ते आळीपाळीनं पंजे दाबतं, कणीक तिंबावी तसं. मान किंचित वर. बाटली उलटी धरली तर बुचाच्या भोकातून थेंब थेंब पडावा. धार लागली तर भोक मोठं आहे. बाटली कधी दाबायची नाही, ओढण्याचं काम त्याचं. सुई काढलेल्या सिरिंजनं पाजत असाल तर एकेक थेंब, आणि मधे थांबणं. दूध मनगटावर कोमट लागेल इतकं. एका वेळी वजनाच्या दर १०० ग्रॅममागे साधारण ४ मिलिलिटर, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. थोडं कमी चालेल, जास्त नको. पिल्लू नीट लुचू लागलं की त्याचे कान प्रत्येक घोटाला मागेपुढे हलतात. डोळे मिटलेले, ओठाला दुधाची मिशी, आणि दोन इवले कान लयीत हलताहेत. पहाटे साडेतीनला ते दिसलं की झोपेची तक्रार करायचं माझ्या लक्षात राहत नसे.

त्या बिस्किटाच्या खोक्यातल्या पिल्लाचं नाव आम्ही छटाकी ठेवलं. छटाक म्हणजे ५८ ग्रॅम. ती भरली ११२, म्हणजे हिशेबानं जवळजवळ दोन छटाक. पण नाव ठेवताना कोणी वजनमापं कायदा बघत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला एकच शिस्त लावली: रोज सकाळी, पाजण्याआधी, त्याच वेळी वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी स्टीलची वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायची, वाटीत छटाकीला ठेवायची. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. ११२. ११०. ११७. १२९. १४१. मग १५२, आणि समोर 'उजवा डोळा फट' असं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी डावा. पुढे एका पानावर १९८ आहे आणि त्याखाली पुन्हा १९८. मला ते विशेष वाटलं नव्हतं; पिल्लू खेळत होतं, पीत होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर वजन ऐकलं आणि लगेच बोलावून घेतलं. छातीत कफाची किंचित घरघर होती, ती मला ऐकू आलेली नव्हती. काट्याला आली होती. औषध त्याच दिवशी सुरू झालं. तेव्हापासून 'मला प्राण्यांच्या डोळ्यांतलं कळतं' असं म्हणणाऱ्या माणसाला मी आधी काटा विकत घ्यायला सांगते.

शी-शूचं काम ऐकायला किळसवाणं, करायला सोपं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलक्या हातानं फिरवायचा, आई जिभेनं करते तसं, प्रत्येक पाजण्याच्या वेळी, साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत. हे माहीत नसल्यामुळे पोट फुगून पिल्लं मेलेली आहेत, आणि मालकांनी त्याचा दोष दुधाला दिलेला आहे. बाकीचं पुस्तिकेत क्रमानं आहे: तिसऱ्या आठवड्यात दात, चौथ्यात बशी, मातीचा ट्रे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं जंतांचं औषध, सहा-आठ आठवड्यांना पहिली लस, तीन महिन्यांना रेबीजची. दोन धोके मात्र मी तांबड्या शाईत छापायला सांगितले होते. कुत्र्यांसाठीची पिसवांची पावडर किंवा थेंब मांजराला लावायचे नाहीत. त्यांतलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. आणि ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल चिमूटभरसुद्धा द्यायची नाही. छपाईच्या खर्चामुळे तांबडी शाई गेली, चौकट राहिली.

पोट भरलं म्हणजे पिल्लू वाढलं, असं नाही. अमेरिकेत जे रोझेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही पिल्लं आईपासून वेगळी करून उबदार पेटीत, कृत्रिम सडावर वाढवली. ती प्यायची, वजनानं वाढायचीही. पण काही आठवड्यांनी परत आईकडे नेली तेव्हा त्यांना तिच्या अंगावर लुचणं जमेना. दूध कुठून येतं ते ठाऊक होतं, आईशी वागायचं कसं ते नव्हतं. पुढे फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी दाखवलं की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिल्लांना माणसांचा हात लागतो, ती माणसाळतात; नंतर हे काम कठीण होत जातं. एकट्या वाढलेल्या पिल्लाची अडचण याच्या उलट असते. माणसाचा हात त्याला भरपूर मिळतो, भावंडाचा चावा मिळत नाही. भावंडाला जोरात चावलं की ते ओरडतं, उलटून चावतं, खेळ बंद करतं. त्यातून किती चावायचं ते कळतं. छटाकीला हे कोणी शिकवलं नाही. माझ्या दोन्ही मनगटांवर तिच्या शिक्षणातल्या उणिवा अजून दिसतात. म्हणून लेखिका सांगतात की दोन अनाथ पिल्लं सापडली तर ती एकत्र वाढवा. काम दुप्पट होत नाही. इथं मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या हातात एका वेळी कधी दोन आली नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आणि काही जगत नाहीत. हे मी पुस्तिकेत आणखी ठळकपणे यायला हवं असं म्हटलं होतं, लेखिकेला ते वाचकाला घाबरवणारं वाटलं. मला नाही वाटत. आईपाशी असलेल्या वेतातलीही सगळी पिल्लं तगत नाहीत. बिनआईची तर आणखीच कमी. संध्याकाळपर्यंत छान असलेलं पिल्लू रात्री अचानक मान टाकतं, गार होतं, तोंड उघडून श्वास घेतं. अशा वेळी ऊब, हिरडीला बोटानं ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब, आणि ताबडतोब डॉक्टर, एवढंच हातात असतं. छटाकीनंतर मी अकरा पिल्लं हाताळली. सात जगली. मेलेल्या चारांपैकी एकाच्या बाबतीत माझी चूक होती: पहाटेची एक पाळी मी झोपेत घालवली. बाकी तिघांच्या बाबतीत कोणाचीच नव्हती. 'त्याचं आयुष्यच तेवढं' हे वाक्य मी आता रागानं म्हणत नाही, पण सगळं करून झाल्यावरच म्हणते.

पुस्तिकेबद्दल माझी खरी तक्रार एकच आहे. तिच्यातला वाचक शहरातला आहे. त्याच्याजवळ डिजिटल काटा आहे, वीज आहे, हाकेच्या अंतरावर दवाखाना आहे. आमच्या आजोळच्या वाडीत आजही मांजराचा डॉक्टर नाही. गुरांचा आहे, तोही आठवड्यातून एकदा येतो. मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघालं ते घोड्या-गुरांसाठी, आणि मांजराला डॉक्टरकडे न्यायचं असतं ही कल्पना मराठी घरात शिरायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. वाडीवरच्या बाईला तांदळाचा मोजा, पोटावर पाजणं आणि कापसाचा बोळा एवढं जरी कळलं तरी निम्मं काम होईल. पुढच्या आवृत्तीत तिच्यासाठी चार पानं वेगळी असावीत, अशी माझी जाहीर मागणी आहे.

शेवटचं प्रकरण नसबंदीच्या शस्त्रक्रियेचं आहे आणि काही जण ते चाळून पुढे जातील. जाऊ नका. मांजरीचे दिवस ६३ ते ६५ असतात, वर्षात दोन-तीन वेतं सहज होतात, आणि अंगावर पिल्लं पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. चार-पाच महिन्यांची मादी माजावर येते. गल्लीतली आई तशीच सोडून तिची पिल्लं घरात वाढवत बसणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. आणि नको झालेली पिल्लं पिशवीत घालून मासळीबाजारात नेऊन सोडणं, 'तिथं काहीतरी मिळेल' असं म्हणत, हे तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ लाही मान्य नाही. उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. डोळे न उघडलेल्या पिल्लाला मासळीबाजारात काय मिळणार, ते बाजारातल्या कोळणींना विचारा. रोज सकाळी टोपलीशेजारी तेच त्यांना सापडतं.

पुस्तिका लहान आहे, तासाभरात वाचून होईल. पिल्लू सापडल्यावर वाचू असं ठरवू नका. ते रात्री अकरा वाजता, पावसात, दुकानं बंद झाल्यावर सापडतं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पान कोरं ठेवलंय. त्यावर जवळच्या पशुवैद्यांचा फोन, रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा फोन आणि पावडर मिळणाऱ्या दुकानाचा पत्ता आजच लिहा, आणि पुस्तिका पुस्तकांच्या कपाटात न ठेवता स्वयंपाकघरात, काट्याशेजारी ठेवा.